यजमान यंत्रांचें स्थलांतर

एका संगणकाच्या पोटांत अनेक संगणक नांदवावयाचे, ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. अमेरिकेंतील केंब्रिज येथें आय.बी.एम. कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत रॉबर्ट क्रीझी व लेस कोमो यांनीं १९६४ च्या अखेरीस या कामास हात घातला आणि १९६७ च्या आरंभीं 'सीपी-४०' ही त्यांची व्यवस्था चालूं झाली. प्रत्येक वापरणारास सबंध यंत्र आपल्या एकट्याचेंच आहे असें वाटावें, ही तिची किमया. हा भास निर्माण करणाऱ्या आज्ञावलीस पुढें हायपरव्हायजर हें नांव रूढ झालें. ती ज्या यंत्रावर चालते तें यजमान. त्याच्या आश्रयास असलेलीं आभासी यंत्रें हे पाहुणे.

पण यजमानासच हलवावयाचें झालें तर? पूर्वीं पाहुण्यांचें काम बंद पाडूनच तें करावें लागे. १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें २००३ मध्यें चालतें यंत्र न थांबवितां दुसऱ्या यजमानाकडे नेण्याची सोय आणली. २००५ मध्यें इंग्लंडांतील केंब्रिज व कोपनहेगन येथील संशोधकांनीं 'झेन' या हायपरव्हायजरवरील आपली रीत प्रसिद्ध केली. ती मोठी मनोरंजक आहे. पाहुण्याचें काम चालूं असतांनाच त्याच्या स्मृतीचीं पानें पलीकडे उतरवून घ्यावयाचीं. तेवढ्या वेळांत जीं बदललीं तीं पुन्हां उतरवावयाचीं. असे फेरे करीत शिल्लक अगदीं थोडी उरली, कीं क्षणभर थांबवून उरलेलें न्यावयाचें. एका खेळाच्या सर्व्हरला हा खोळंबा अवघा ६० मिलिसेकंदांचा पडला! खेळणारांना त्याचा पत्ताहि लागला नसावा.

खाजगी क्लाउडमध्यें एका क्लस्टरमधील यजमान दुसऱ्यांत घालतांना याच युक्तीवर भिस्त असते. वाड्यांतील बिऱ्हाडें शेजारच्या वाड्यांत नेऊन तो रिकामा करावा, तसा प्रथम तो यजमान रिकामा करतात. शेजाऱ्यांपाशीं जागा पुरेशी नसेल तर येथेंच सारें अडतें. आणि चालकांची घाई बहुधा याच ठिकाणीं नडते. मग जुन्या समूहांतून त्याचें नांव काढून नव्यांत घालावयाचें. तेथील सामाईक साठा व जाळें त्यास दिसलें पाहिजे, हें उघडच आहे.

खरी मेख प्रोसेसरची. नव्या प्रोसेसरवर सुरू झालेला पाहुणा त्याच्या जास्तीच्या आज्ञा ओळखून ठेवतो. त्यास जुन्या प्रोसेसरवर नेलें, तर ती आज्ञा येतांच काम कोसळतें. म्हणून समूहांतील सर्वांत जुन्या यंत्रास ज्या आज्ञा ठाऊक तेवढ्याच सर्वांनीं दाखवावयाच्या, असा तोडगा निघाला. नव्या यंत्राचें कांहीं सामर्थ्य यांत वायां जातें खरें. पण रात्रीं दोन वाजतां बंद पडलेल्या सेवेपेक्षां तें पत्करतें. नवा यजमान आला, कीं शहाणा चालक आधीं एखादा बिनमहत्त्वाचा पाहुणा त्याच्याकडे धाडून परत आणवितो. तो सुखरूप आला, म्हणजे मगच बाकीच्यांस वाट मोकळी होते.