गाडीच्या मीटरचा काटा बिघडला? मीटर बदलण्याआधी घरी हे तपासा

रत्नागिरी : तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात पिकअपमध्ये आंब्याच्या पेट्या भरून मी कोल्हापूरला निघालो होतो. साखरपा मागे टाकलं, आंबा घाट चढायला लागलो. टेम्परेचरचा काटा अगदी खाली, त्यामुळे मी निर्धास्त. अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ यायला लागली. हेड गॅस्केट गेलं. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवाव्या लागल्या आणि इंजिनाचं काम निघालं ते वेगळंच. नंतर बघितलं तर सेन्सरवरची वायर गंजून तुटलेली. म्हणजे काटा कित्येक दिवस मेलेलाच होता आणि मी तो बघून गाडी चालवत होतो. त्याआधी एका गॅरेजमध्ये दाखवलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, अख्खं मीटर बदला.

त्या दिवसापासून मी मीटरला शेवटी हात लावतो. बातमी चुकली तर छापखान्याला शिव्या घालून उपयोग नसतो, बातमी कुठून आली ते बघावं लागतं. काट्याचंही तसंच. डिझेल-पेट्रोलची खबर टाकीतल्या फ्लोटकडून येते, तापमानाची इंजिनावरच्या सेन्सरकडून. ती एका वायरने मीटरपर्यंत पोचते. मीटरला फ्यूजमधून करंट लागतो आणि सर्किट पूर्ण व्हायला बॉडीची अर्थ लागते. यातलं काहीही तुटलं की काटा खोटं बोलतो, मीटर मात्र चांगलंच असतं.

आपल्या जिल्ह्यात या वायरींचे हाल जास्त होतात. चार महिने पाऊस आणि किनारपट्टीला बारमाही खारा वारा, त्यामुळे कपलरच्या आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढते. चाकरमान्यांच्या गाड्या गावात महिनोन्‌महिने उभ्या असतात, त्यात उंदीर वायरी कुरतडतात. आणि २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात बुडालेल्या गाड्या विसरू नका. पुरात बुडालेल्या गाडीचे कपलर वरवर वाळतात, पण आतला गंज पुढे वर्षानुवर्षं त्रास देतो. जुनी गाडी घेताना काटे आपल्या मर्जीने वर-खाली होत असतील, तर मीटरची किंमत कमी करून घेण्याआधी गालिच्याखाली चिखल आहे का ते बघा.

हत्यारं फार लागत नाहीत. पाना, स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर, वीतभर वायर आणि एक साधा मल्टिमीटर. मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे तो असावाच.

हात लावण्याआधी दोन दिवस नुसतं निरीक्षण करा. एकच काटा बिघडलाय की दोन्ही? एकच असेल तर दोष त्याच्या सेन्सरकडे किंवा वायरकडे. डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही एकदम चुकू लागले, तर फ्यूज, मीटरची अर्थ किंवा जुन्या मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघायचा. रात्री हेडलाइट लावले की काटा सरकतो, इंडिकेटर लावला की काटा टिकटिक नाचतो, असं असेल तर अर्थ ढिली झाली आहे असंच समजा. बॅटरीच्या काळ्या केबलचं बॉडीकडचं टोक आणि डॅशबोर्डखालचा अर्थचा नटबोल्ट काढा, रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. माझ्या गावात निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटलेल्या बघितल्या आहेत.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मल्टिमीटर लावून बघा. गेला असेल तर तेवढ्याच ॲम्पिअरचा घाला. चांदी किंवा तार गुंडाळून फ्यूज ‘चालू’ करणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्या तारेने आधी वायरिंग जळतं, मग गाडी.

टेम्परेचरचा काटा

हा सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक गाड्यांचा सेन्सर गार असताना जास्त रोध दाखवतो आणि तापला की रोध कमी होतो. त्यामुळे वायर तुटली की काटा गारवरच राहतो आणि वायर कुठे घासून बॉडीला टेकली की इंजिन गार असतानाही काटा लालमध्ये जातो. म्हणजे वायर तुटण्याचा बिघाड दिसतच नाही. सगळं आलबेल दाखवणारा काटा घाटात जास्त घातक, तो असा.

जुन्या पद्धतीच्या गाडीत थर्मोस्टॅटजवळ एकाच वायरचा सेन्सर असतो. इंजिन गार असताना चावी बंद करा, ती वायर काढा, तिला वीतभर वायर जोडून दुसरं टोक इंजिनाच्या धातूला टेकवा आणि मग चावी ऑन करा. इंजिन चालू करायचं नाही. काटा गरमकडे सरकू लागला की लगेच चावी बंद करा, टोकाला जाईपर्यंत धरून ठेवायचं नाही. जुन्या मीटरचा काटा सावकाश सरकतो, दहा-पंधरा सेकंद वाट बघा. काटा हलला तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर किंवा त्याचा गंजलेला जोड खराब. हललाच नाही तर वायर मध्ये कुठेतरी तुटली आहे, नाहीतर मीटरला करंट येत नाही.

इंजिनावर दोन वायरचा आणखी एक सेन्सर दिसेल. तो बहुतेक वेळा गाडीच्या कॉम्प्युटरचा असतो, त्याला असली जोडाजोडी करू नका.

काटा गारवर राहण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे हमखास सापडतं. ‘गाडी तापते’ म्हटलं की काही ठिकाणी थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग इंजिन खरंच पुरेसं तापत नाही, डिझेल जास्त खातं. गार इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरचा वरचा पाइप कोमट व्हायला लागला, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे.

आणि हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा : कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर पाण्याबाहेर कोरडा पडतो आणि चांगला काटासुद्धा कमी दाखवू शकतो. घाट चढताना काटा वर जाऊन अचानक खाली पडला, तर गाडी गार झाली म्हणून खुश होऊ नका, बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. अर्धा तास तरी जाऊ द्या, चहा घ्या.

डिझेल-पेट्रोलचा काटा

टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, त्याच्या दांड्यामुळे एक स्पर्श रोधाच्या पट्टीवर सरकतो. ती पट्टी झिजते, म्हणून काटा अर्ध्यावर अडकतो किंवा टाकी भरली तरी पाऊणच दाखवतो. फ्लोटला चीर पडून आत तेल गेलं की तो बुडतो आणि काटा कायम रिकामा. पिकअपसारख्या गाडीत कपलर टाकीवर खालून दिसतो, बऱ्याच कारमध्ये मागच्या सीटखालच्या झाकणातून.

कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम मोजा. मग टाकीत पाच-दहा लिटर घालून परत मोजा. आकडा बदलला तर सेन्सर जिवंत आहे, वायर आणि अर्थ शोधा. आकडाच येत नसेल किंवा हलत नसेल, तर फक्त सेन्सर बदला. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्याच कपलरमध्ये पंपाचा करंट असतो, तिथे अंदाजाने वायर टेकवू नका.

सेन्सर बाहेर काढायचा असेल तर टाकी जवळजवळ रिकामी हवी, बॅटरीची काळी केबल काढलेली हवी आणि काम उघड्या खळ्यात. चूल पेटलेल्या पडवीशेजारी नाही, विडी ओढणारा शेजारी उभा करून नाही. पेट्रोलची गाडी असेल तर मी स्वतः हे काम करत नाही, वायरमनकडे देतो.

स्पीडचा काटा

जुन्या ओम्नी, ८०० सारख्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत केबल असते. काटा थरथरतो आणि किर्र आवाज येतो, म्हणजे केबल सुकली. आतली तार ओढून काढा, पुसा, हलकं ग्रीस लावून परत घाला. काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद, तर तार तुटली. नवीन गाड्यांत केबल नाही, सेन्सर आहे. किलोमीटरच्या आकड्यांशी मात्र खेळू नका. मागे फिरवलेले आकडे गाडी विकताना घेणाऱ्याची फसवणूकच ठरतात.

अलीकडच्या गाड्यांत काटे कॉम्प्युटर चालवतो. अशा गाडीत फ्यूज, अर्थ आणि कपलर साफ करण्यापलीकडे जाऊ नका, वायर बॉडीला टेकवून बघण्याचा प्रयोग तर नकोच. स्कॅनर लावणाऱ्याकडे न्या, तो कुठला सेन्सर गप्प आहे ते सांगतो. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. तिच्या वायरी स्टिअरिंगभोवती असतात. मीटर बाहेर काढायची वेळ आलीच तर बॅटरीची केबल काढून दहा मिनिटं थांबा आणि पिवळ्या कपलरना हात लावू नका.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावी लागली, तर टाकी फुल करून ट्रिपचा आकडा शून्य करा, पुढच्या फुलला किती किलोमीटर झाले ते वहीत लिहा. टेम्परेचरचा काटा बंद असेल तर मात्र घाटात भरलेली गाडी नेऊ नका. सपाटीवर जायचंच असेल, तर निघण्याआधी गार इंजिनात कूलंट बघा आणि वाटेत थांबाल तिथे रेडिएटरखाली ओलावा आहे का बघा. गॅरेजमध्ये जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या : कुठला काटा, कधीपासून, लाइट लावल्यावर काय होतं, वायर टेकवल्यावर हलला की नाही. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.