मॉरिसनची जिग कोणाची?

व्हायोलिन मी हिंदुस्थानी पद्धतीने शिकले, मांडी घालून. त्यामुळे आयर्लंडची ‘मॉरिसन्स जिग’ पहिल्यांदा ऐकली तेव्हा हात आपोआप वहीकडे गेला आणि मी ती सरगममध्ये लिहून काढली. सुरुवातीलाच षड्जावरून थेट पंचमावर उडी, मग सा प सा, म रे नि. पुन्हा तीच उडी आणि वरच्या कोमल निषादावरून उतरत खाली येणे. गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. जिग ही नाचण्याची धून. सहा मात्रा, तीन-तीनचे झोके. आठ आवर्तनांचे दोन भाग आणि प्रत्येक भाग दोनदा. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटत नाही.

अडले ते नावाशी. मॉरिसन कोण, आणि ही धून त्याची कशी?

जेम्स मॉरिसन हा आयर्लंडच्या वायव्येकडील स्लायगो परगण्यातला फिडलवादक. जन्म 1893चा. तरुणपणीच तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याने नाव काढले. इतके शिष्य तयार केले, की लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. त्याच परगण्यातला मायकेल कोलमन आणि तो, या दोघांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या बोटीने आयर्लंडला परत जाऊ लागल्या. अमेरिकेतल्या मुलाने घरी पाठवलेल्या पार्सलातून तबकडी यायची, शेजारीपाजारी जमून ती ऐकायचे, वादक ती झिजेपर्यंत लावून उचलायचे. एका परगण्याची वादनशैली अशा रीतीने देशभर पोचली आणि कित्येक गावांचे स्वतःचे वळण मागे पडले.

मॉरिसनने ही जिग 1936 मध्ये ध्वनिमुद्रित केली. पण त्या तबकडीवर तिचे नाव ‘मॉरिसन्स जिग’ नव्हते. तिथे छापले होते ‘मॉरिस कार्मोडीज फेव्हरिट’, म्हणजे मॉरिस कार्मोडीची आवडती. मॉरिस आणि मॉरिसन या नावांतले साम्य निव्वळ योगायोगाचे. मॉरिसनच्या वाद्यवृंदात टॉम कार्मोडी नावाचा अकॉर्डियनवादक होता, नैऋत्येकडील केरी परगण्यातला. मॉरिस हे त्याचे वडील, आणि धून टॉमने त्यांच्याकडून घेतली होती. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री टॉम ती वाजवत असताना मॉरिसनने टिपून घेतली, असे सांगतात. कार्मोडींच्या घरी मात्र तिला वेगळेच नाव होते: ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’. हॉब म्हणजे चुलीच्या कडेचा दगडी ओटा. त्यावर आडवी टाकलेली काठी, एवढाच त्या नावाचा अर्थ.

म्हणजे मॉरिसनने श्रेय लाटले नाही. त्याने देणाऱ्याच्या वडिलांचे नाव लिहिले. ते पुसले ऐकणाऱ्यांनी. ‘ती मॉरिसनची जिग वाजव’ असे म्हणता म्हणता तबकडीवरच्या नावापेक्षा तोंडातले नाव बळकट झाले. केरीतल्या एका घरातली धून अटलांटिक ओलांडून गेली आणि स्लायगोच्या माणसाची म्हणून परत आली.

छापील संग्रह इथे किती मदत करतात? आयरिश नृत्यसंगीताचा मोठा ठेवा जमवला तो कॉर्क परगण्यातून गेलेल्या फ्रान्सिस ओ’नीलने. 1901 ते 1905 या काळात तो शिकागोचा पोलीसप्रमुख होता. त्याला स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नसे. जेम्स ओ’नील या पोलीस सहकाऱ्याने धुना उतरवून दिल्या. 1903च्या ग्रंथात 1,850 आणि 1907च्या ग्रंथात 1,001 धुना आहेत. दुसऱ्याला वादक नुसते ‘द बुक’ म्हणतात. पण अशा ग्रंथाची नामसूची चाळून फारसे साधत नाही. 1936च्या तबकडीमुळे पडलेले नाव 1907च्या पुस्तकात कसे सापडेल? एकाच धुनेला चार नावे आणि एकाच नावाच्या चार धुना, हा तिथला रोजचा व्यवहार.

या गुंत्यावर उपाय काढला ब्रेंडन ब्राहनाक या संग्राहकाने. त्याच्या नृत्यधुनांच्या संग्रहमालेचा पहिला खंड 1963 मध्ये आला. त्याने नावे बाजूला ठेवून धुनेतल्या आघाताच्या स्वरांना आकडे दिले आणि त्या आकड्यांवरून कार्डे लावली. त्याच धर्तीवर मी माझी वही पुन्हा उघडली. षड्ज एक धरला, तर पहिल्या दोन आवर्तनांतले आघात येतात एक, पाच, एक, चार. नाव कितीही बदलो, या चार आकड्यांत धून ओळखू येते. शोध घ्यायचा तो यांचा.

आपल्याकडे बंदिशीत सदारंगासारखी मुद्रा असते, अभंगात संताचे नाव असते. शब्दांच्या आत सही बसते. जिगला शब्दच नाहीत. ती शेवटी ज्याच्याकडून ऐकली त्याच्या नावाने राहते. म्हणून ‘मॉरिसनची’ हे नाव मला आता खोटे वाटत नाही, अपुरे वाटते. ते कर्त्याचे नाव नव्हे, शेवटच्या मोठ्या हाताचे.

तरी जुन्या नावाची हळहळ उरतेच. 1935 मध्ये आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला. नाचाला परवाना लागू लागला, आणि घराघरांतल्या स्वयंपाकघरातले नाच त्या कायद्याच्या धाकाने आटत गेले. पुढच्याच वर्षी ही तबकडी निघाली. ओ’नीलही त्याच वर्षी वारला. ओट्यावरच्या काठीचे नाव जिथे आपसूक सुचावे, ते घर मोडत असतानाच धून तबकडीवर वाचली. वाजवताना आता मी तिची दोन्ही नावे सांगते, आधी काठीचे, मग मॉरिसनचे.