हरभऱ्याची वडी आणि बौद्ध जगातील टोफू

बौद्ध संस्कृतीच्या इतिहासात लेणी, स्तूप, शिलालेख आणि ग्रंथ यांचा विचार विपुल झाला आहे. ज्या अन्नावर भिक्षुसंघ जगला आणि उपासकांची घरे चालली, त्या अन्नाचा विचार त्या मानाने अल्प आहे. विषय किरकोळ नाही. ज्या समाजाला अन्नाचे निमित्त करून गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, त्याने अन्नाचा इतिहास स्वतः तपासून घेतला पाहिजे. टोफू हा बौद्धांचा 'सात्त्विक' आहार होय, आणि खरा बौद्ध तो शाकाहारीच, अशी समजूत अलीकडे आपल्यातही रुजू पाहत आहे. म्हणून टोफूपासूनच आम्ही आरंभ करतो.

टोफूचा उगम

टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. भिजवलेले सोयाबीन वाटून त्याचे दूध गाळतात व उकळतात. त्यात जिप्सम किंवा मिठागरातील कडू क्षारद्रव घातला की प्रथिने साकळतात, आणि तो साका फडक्यात दाबला की टोफू तयार होतो. चिनी परंपरा याचे श्रेय इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील ह्वायनानचा राजपुत्र ल्यू आन याला देते. हा राजपुत्र ताओ विचाराचा आश्रयदाता होता. टोफूचा स्पष्ट लेखी उल्लेख मात्र इ.स. दहाव्या शतकातील ताओ कू याच्या ग्रंथात येतो. एका काटकसरी अधिकाऱ्याच्या गावी लोक मांसाऐवजी टोफू विकत घेत व त्याला 'छोटे मटण' म्हणत, असे तेथे नोंदले आहे. म्हणजे टोफूची ही जुनी ओळख काटकसरीच्या ताटातील आहे. पावित्र्याचा तेथे गंधही नाही. लियांग वंशातील सम्राट वू (इ.स. ५०२ ते ५४९) याने चिनी भिक्षूंना मद्यमांस वर्ज्य ठरविले होते. त्या शिस्तीत वाढलेल्या विहारांनी पुढे टोफू जवळ केला, आणि जपानच्या झेन विहारांतही त्याला मान मिळाला.

शान प्रांत आणि बालाघाट

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, शान प्रांतात टोफू याच नावाचा पदार्थ हरभऱ्याच्या पिठाचा करतात. पीठ पाण्यात कालवून, हळद व मीठ घालून, सतत ढवळत शिजवतात. घट्ट झाले की पसरट भांड्यात ओततात आणि निवल्यावर वड्या कापतात. न निवलेला, ऊन ऊन टोफू तांदळाच्या शेवयांवर वाढतात. यात साका धरत नाही. पिठातील पिष्ट शिजून घट्ट होते, एवढेच.

हे वर्णन वाचताना बीड जिल्ह्यातील वाचकाला आपलीच चूल आठवेल. धुळे-सोलापूर महामार्गावरील मांजरसुंबा हे बालाघाटच्या डोंगररांगेतील गाव. या भागात रब्बीत ज्वारीच्या जोडीला हरभरा येतो. मराठवाड्यात सर्वत्र होणारी पाटवडी त्याच हरभऱ्याची. फोडणीच्या उकळत्या पाण्यात डाळीचे पीठ वैरायचे, गुठळी न होऊ देता घोटायचे, वाफ आणायची, तेल लावलेल्या ताटात थापून वर खोबरे-कोथिंबीर पेरायची आणि वड्या कापून तिखट रश्शात सोडायच्या. पातळ ठेवले तर पिठले, थापले तर पाटवडी. शानमधील ऊन टोफू आणि निवलेला टोफू यांचे नातेही असेच आहे.

साम्य दिसले म्हणून वंश एक ठरत नाही. मात्र ब्रह्मी भाषेतील हरभऱ्याच्या नावात भारतीयांसाठी वापरला जाणारा शब्द आहे, हे लक्षणीय होय. आज बालाघाटावर सोयाबीन हे खरिपाचे मोठे पीक झाले असले तरी ते तेल आणि पेंड यांसाठी बाजारात जाते. घरच्या वडीला हरभराच लागतो. माणूस आपल्या मातीत पिकलेले आणि आपल्या हाताला सवयीचे झालेले अन्न खातो, आणि धर्म मागाहून त्याला अर्थ चिकटवतो.

विनयाची साक्ष

तथागतांनी असा अर्थ चिकटवू दिला का? विनयपिटकात भोजनाचे पाच प्रकार सांगितले आहेत : भात, कुम्मास, सातू, मासळी आणि मांस. महावग्गात कंखारेवत या भिक्षूची कथा आहे. विष्ठेत मूग उगवलेले पाहून त्याला शंका आली की, मूग शिजवूनही उगवतात, मग ते भिक्षूला चालतील कसे? शिजलेले मूग उगवत असले तरी ते खुशाल खावेत, असा निर्णय तथागतांनी दिला. कडधान्यावर पडलेली विटाळाची छाया त्यांनी एका वाक्यात पुसली. देवदत्ताने भिक्षूंना मासळी व मांस कायमचे वर्ज्य करावे अशी मागणी केली, तीही त्यांनी नाकारली. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले वा संशयिले नसेल, तर ते मांस भिक्षूला ग्राह्य ठरले. सुत्तनिपातातील आमगंधसुत्त तर दुर्गंधी मांसाहारात नसून हिंसा, चोरी, असत्य व कपट यांत आहे, असे शिकविते. लंकावतारसूत्रासारखे महायान ग्रंथ मांस निषिद्ध मानतात, हेही खरे. पण ती एका परंपरेची शिस्त आहे. डिसेंबर १९५४ मध्ये ज्या रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब उपस्थित राहिले, त्या देशातील भिक्षू भिक्षापात्रात येईल ते, मांसासह, स्वीकारतात.

आपल्यापुढील प्रश्न

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी असे प्रतिपादन केले की, वाताहत झालेले बौद्ध लोक गोमांस खात राहिले आणि म्हणून अस्पृश्य ठरविले गेले. मार्च १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते लाचारीचे जिणे टाकण्यासाठी. उच्चवर्णीयांच्या सोवळ्याचे अनुकरण करा, असे त्यांनी सांगितले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद करतात व अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानतात. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीचा इतिहास शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मांडला. त्या चुलीवर वाळविलेल्या मांसाच्या चान्याही होत्या. तो इतिहास लपविण्याचे आपल्याला कारण नाही.

ज्याला करुणेपोटी मांस सोडावेसे वाटते त्याने जरूर सोडावे; तो त्याचा शीलाचा निर्णय आहे. मात्र त्याने शेजारच्या ताटाला हीन लेखले, तर जी उतरंड १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण नागपूरला मोडली, तिचीच पहिली पायरी तो पुन्हा रचील. वर्षावासात विहारात भोजनदान करताना पाटवडी असो, टोफू असो की मासळी, उपासकाने स्वतःला दोनच गोष्टी विचाराव्यात : या अन्नासाठी मारण्याची इच्छा धरली गेली का, आणि या पंगतीतून कोणाला उठविले गेले का. धम्माने अन्नाला लावलेली कसोटी ती एवढीच, असे आम्हास वाटते.