प्रशीतक-परिवर्तन

प्रशीतक-परिवर्तन : चालू प्रशीतन यंत्रणेतील जुना प्रशीतक (आळीपाळीने द्रव व वायू होऊन उष्णता वाहून नेणारा पदार्थ) काढून त्या जागी दुसरा भरणे आणि त्यास अनुरूप असे वंगण तेल, शोषक गाळण्या व जोडांतील रबरी कडी बसविणे, या क्रियेस प्रशीतक-परिवर्तन म्हणतात. कारागिरांच्या बोलीत यालाच ‘गॅस बदलणे’ म्हणतात. परंतु हे नाव अपुरे आहे, कारण यातील अवघड भाग वायूचा नसून तेलाचा असतो. नासिक जिल्ह्यातील द्राक्षांच्या निर्यातीचा आरंभ व प्रशीतकांतील जागतिक स्थित्यंतर हे एकाच सुमारास घडल्यामुळे या विषयाचा इतिहास तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो.

जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये ईथर वापरणाऱ्या प्रशीतन यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. पुढे कार्ल फोन लिंडे या जर्मन अभियंत्यांच्या यंत्रांमुळे अमोनिया रूढ झाला. अमोनिया विषारी, सल्फर डाय-ऑक्साइड दाहक, तर मिथिल क्लोराइड ज्वालाग्राही व विषारी. त्यामुळे घरात व दुकानात ही यंत्रे धोक्याचीच होती. टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी १९२८ मध्ये शोधलेली व पुढे ‘फ्रिऑन’ या नावाने विकली गेलेली क्लोरोफ्ल्युओरोकार्बन संयुगे जळत नव्हती व विषारीही नव्हती. त्यांपैकी आर-१२ हा प्रशीतक खनिज तेलात सहज मिसळतो. हा गुण फारसा चर्चिला गेला नाही. पण अर्धशतकाहून अधिक काळ लहान यंत्रे बिनबोभाट चालली ती बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच. कारागीर ज्याला कॉम्प्रेसर म्हणतात त्या संपीडकातून थोडे तेल नेहमीच प्रशीतकाबरोबर नळ्यांत जाते. मिसळलेले असले, तरच ते संपीडकाकडे परतते.

क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांतील क्लोरीन वातावरणातील ओझोनाचा नाश करतो, हे रोलंड व मोलिना यांनी १९७४ मध्ये दाखविले. अंटार्क्टिकावरील ओझोनाची घट १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली व १९८७ मध्ये माँट्रिऑल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला, २००० मध्ये ओझोननाशक पदार्थांविषयीचे नियम केले आणि १ ऑगस्ट २००८ पासून दम्याच्या फवाऱ्यांसारखा अपवाद वगळता क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचे उत्पादन थांबविले. करारात हिशेब टनांचा होता. प्रत्यक्ष बदल मात्र एकेका यंत्रात, दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून व्हावयाचा होता.

महाराष्ट्रातील द्राक्ष-उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी ‘महाग्रेप्स’ ही संस्था १९९१ मध्ये उभारली. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांतील माल काही तासांतच पूर्वशीतन कक्षात, तेथून सु. ०° ते १° से. तापमानाच्या शीतगृहात आणि पुढे शीतपेटीतून (प्रशीतन यंत्र असलेल्या मोठ्या वाहतूक-पेटीतून) न्हावा-शेवा बंदरावर जाऊ लागला. यूरोपपर्यंतच्या काही आठवड्यांच्या सागरी प्रवासात पेटीचा संपीडक बंद पडला, तर शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बुडू शकते. १९९३ च्या सुमारास नव्या शीतपेट्या आर-१२ ऐवजी आर-१३४ए वर चालणाऱ्या येऊ लागल्या. मोठ्या शीतगृहांत मात्र प्रामुख्याने अमोनियाच होता व त्यांना या कराराची झळ पोहोचली नाही. अमोनिया खनिज तेलात मिसळत नाही, परंतु तेल द्रव अमोनियापेक्षा जड असल्याने तळाशी साचते व तेथून काढून घेता येते. जुन्या प्रशीतकांपैकी एक असा टिकून राहिला! मात्र तो तांब्याला खातो व गळल्यास फळांच्या सालीवर डाग पाडतो; म्हणून तांब्याच्या नळ्यांची जुनी यंत्रे त्याच्यावर नेता येत नाहीत.

खरा पेच आइस्क्रीमच्या पेट्या, दुकानांतील शीतकपाटे व लहान शीतकक्ष यांपुढे होता. आर-१३४ए खनिज तेलात जवळजवळ मिसळत नाही. त्यामुळे तेल बाष्पित्रात (जेथे प्रशीतक उकळून उष्णता शोषतो त्या भागात) अडकते आणि संपीडक कोरडा पडून घासतो. क्लोरीन धातूच्या पृष्ठावर जो संरक्षक थर निर्माण करीत असे, तोही आता मिळत नाही. म्हणून पॉलिओल एस्टर हे संश्लेषित तेल आवश्यक ठरते. जुना वायू यंत्रात असतानाच खनिज तेल काढून एस्टर तेल भरतात, यंत्र काही काळ चालवितात व ते तेल पुन्हा बदलतात. असे साधारणपणे तीन वेळा केल्यावर उरलेले खनिज तेल सु. ५ टक्क्यांच्या खाली येते. नंतर जुना वायू हवेत न सोडता टाकीत गोळा करणे, शोषक गाळणी बदलणे, निर्वात पंपाने आतील हवा व ओल काढणे, नवा वायू वजनाने जुन्याच्या सु. ९० टक्के भरणे, प्रसरण झडप जुळविणे आणि यंत्रावर नव्या वायूची व तेलाची नावे लिहून ठेवणे, हा क्रम असतो. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु पुढच्या कारागिराची सारी भिस्त त्या चिठ्ठीवर असते. एस्टर तेल हवेतील ओल झपाट्याने शोषते व ओलीने त्याचे विघटन होऊन अम्ल तयार होते. खनिज तेलाचा डबा उघडा ठेवण्याची सवय असलेल्या हातांना ही शिस्त नवीनच होती. शिवाय खोल गोठण तापमानाला आर-१३४ए ची शीतनक्षमता आर-१२ पेक्षा कमी पडते. म्हणजे खर्च करूनही मालकाच्या पदरी काहीसे दुबळे यंत्र येई.

प्रोपेन व आयसोब्यूटेन यांचे मिश्रण जुन्या खनिज तेलावर चालते, हा स्वस्त पर्याय होता. पण ते ज्वालाग्राही असल्याने विद्युत् जोडण्यांची काळजी घ्यावी लागते. १९९० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंड व जर्मनी यांच्या साह्याने भारतात यासाठी प्रयत्न झाले व पुढे लहान दुरुस्ती-व्यावसायिकांना प्रशिक्षणही देण्यात आले. बाजारातील भेसळीचा प्रश्न मात्र गंभीरच राहिला. २०११ मध्ये व्हिएटनाम व ब्राझील येथे शीतपेट्यांच्या संपीडकांचे स्फोट होऊन कामगार दगावले. आर-१३४ए मध्ये मिसळलेल्या मिथिल क्लोराइडाची ॲल्युमिनियमशी विक्रिया होऊन ते झाल्याचे मानले जाते. ज्या पदार्थाच्या भीतीने फ्रिऑन स्वीकारले गेले, तोच असा मागच्या दाराने परतला.

आर-२२ हा ओझोनास कमी घातक असा प्रशीतकही भारतात २०३० पर्यंत, जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता अल्प अंश सोडून, वापरातून जावयाचा आहे. त्याऐवजी भरला जाणारा आर-४०७सी हा तीन वायूंचे मिश्रण असून त्यालाही एस्टर तेल लागते. मिश्रणाचे प्रमाण बिघडू नये म्हणून तो द्रवरूपातच भरावा लागतो. या नव्या वायूंचा ओझोनाला अपाय नाही, पण पृथ्वीची तापमानवाढ ते घडवितात. आर-४०४ए चा परिणाम समान वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. ३,९०० पट मानला जातो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये अनुसमर्थन दिले. त्यानुसार २०३२ पासून अशा वायूंत कपात सुरू होऊन २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर जावयाची आहे. त्यामुळे एकदा बदललेली यंत्रे पुन्हा बदलावी लागतील. आर-४०४ए च्या जागी येणारी आर-४४९ए सारखी मिश्रणे एस्टर तेलावरच चालतात. तेव्हा या खेपेस गाळणी, रबरी कडी व झडप यांकडे पाहावे लागले, तरी तेल धुऊन काढण्याचे काम बहुधा पडत नाही.