सोव्हिएत संघ रक्त न सांडता कोसळला?

रक्ताचा थेंबही न सांडता एक महासत्ता संपली, असे सोव्हिएत संघाबद्दल आपल्याकडे फार विश्वासाने सांगितले जाते. २५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह यांनी दूरचित्रवाणीवरून राजीनामा जाहीर केला, क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला आणि हजारो अण्वस्त्रे बाळगणारे राज्य पंधरा देशांत वाटले गेले. त्याच सुमारास युगोस्लाव्हियात शेजारी शेजाऱ्याचा गळा कापत होता. ही तुलना पुढे करून निष्कर्ष काढला जातो की, बलाढ्य देशाचे सरकार कोसळले म्हणून आभाळ कोसळत नाही. रशियात किंवा चीनमध्ये उद्या तसे घडले तर बरेच होईल, असेही काही जण त्यावरून म्हणतात.

या पूर्वपक्षात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ८ डिसेंबरला बेलारूसमधल्या बेलोवेझ अरण्यात रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्रावचुक आणि बेलारूसचे शुश्केविच यांनी संघ विसर्जित करण्याच्या करारावर सह्या केल्या आणि २१ डिसेंबरला अल्मा-आतामध्ये अकरा प्रजासत्ताकांनी परस्परांच्या सीमा मान्य केल्या. जवळपास अडीच कोटी रशियन माणसे त्या दिवसांत रशियाबाहेर राहिली. क्रिमियासाठी किंवा उत्तर कझाकस्तानसाठी येल्त्सिन यांनी तेव्हा सैन्य धाडले नाही. युगोस्लाव्हियात मिलोशेविच यांनी निवडलेली वाट त्यांनी टाळली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण हा निर्वाळा मॉस्कोत उभे राहून, तोही एका महिन्यापुरता दिलेला आहे. सरकार एका दिवसात पडत नसते. एप्रिल १९८९ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीत सैनिकांनी निदर्शकांवर हल्ला केला. जानेवारी १९९० मध्ये अझरबैजानमधल्या बाकूत शंभरावर माणसे मेली आणि जानेवारी १९९१ मध्ये लिथुआनियातल्या विल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी नागरिक रणगाड्यांखाली आणि गोळ्यांनी मेले. डिसेंबरनंतरची यादी तर याहून लांब आहे. मोल्दोवाच्या नीस्तर नदीकाठी, अबखाझियात आणि पुढे चेचन्यात युद्धे झाली. १९८८ मध्ये पेटलेल्या नागोर्नो-काराबाखमध्ये १९९४ च्या शस्त्रसंधीपर्यंत सुमारे तीस हजार माणसे मेली होती.

यावर ठरलेले उत्तर येते: ही जुनी वांशिक वैरे होती, मॉस्कोच्या दांडक्याखाली दबलेली, दांडका गेला, ती उसळली. ताजिकिस्तानकडे पाहिले की हे उत्तर टिकत नाही. तिथे १९९२ ते १९९७ या काळात जे यादवी युद्ध झाले, त्यातले दोन्ही पक्ष बहुतांशी एकाच भाषेचे आणि एकाच धर्माचे होते. फाटाफूट होती ती प्रदेशांची: एकीकडे लेनिनाबाद आणि कुलाब, दुसरीकडे गार्म आणि पामीर. सोव्हिएत काळात बड्या जागा प्रदेश पाहून वाटल्या जात आणि लेनिनाबादचा वरचष्मा मॉस्को सांभाळी. अर्थसंकल्पाचा मोठा हिस्साही मॉस्कोहूनच येई. पैसा देणारा आणि तंटा मिटवणारा असे दोघेही एकदम नाहीसे झाले, तेव्हा उरलेल्या तुटपुंज्या राज्यावर कब्जा कुणाचा, हाच जीवनमरणाचा प्रश्न झाला. सर्वांत भीषण हिंसा वख्श खोऱ्यात झाली. तिथल्या कापसाच्या शेतीसाठी गार्मच्या डोंगराळ लोकांना सोव्हिएत राजवटीनेच आणून वसवले होते. १९९२ च्या हिवाळ्यात हजारो ताजिक जीव वाचवण्यासाठी नदी ओलांडून गेले ते अफगाणिस्तानात, म्हणजे जो देश स्वतःच जळत होता तिथे! मृतांचे अंदाज वीस हजारांपासून लाखापर्यंत जातात. हे वैर पुरातन नव्हते. राज्ययंत्रणेनेच घडवलेली रचना यंत्रणेसकट कोसळली होती.

गोळी न लागता मेलेल्यांचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. २ जानेवारी १९९२ ला रशियात बहुतेक वस्तूंच्या किमती मोकळ्या सोडल्या गेल्या. त्या वर्षी किमती पंचवीसपटीहून अधिक वाढल्या आणि आयुष्यभराची बचत काही महिन्यांत मातीमोल झाली. पुढे कित्येक कारखान्यांत महिनोन्‌महिने पगार नव्हते; १९९८ मध्ये थकलेल्या वेतनासाठी कोळसा खाणकामगारांनी रेल्वेमार्ग अडवले. १९८७ च्या सुमारास पासष्टीच्या जवळ पोहोचलेले रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९४ पर्यंत सत्तावन्नच्या आसपास घसरले. हृदयविकार, दारू, अपघात, खून आणि आत्महत्या ही त्याची कारणे. गोर्बाचेव्ह यांच्या १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेने काही मृत्यू पुढे ढकलले होते आणि ते नंतर एकदम दिसले, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. तो योग्यही आहे. पण पुढे ढकललेले मृत्यू वजा केले तरी घसरण उरतेच, आणि ती शांततेच्या काळात क्वचितच दिसणाऱ्या प्रमाणात उरते.

या पडझडीची झळ भारतालाही लागली. आपल्या हवाई दलाची आन्तोनोव्ह विमाने कीव्हची, इल्यूशिन मालवाहू विमाने ताश्कंदची, आणि नाशिकजवळच्या ओझरला बांधली जाणारी मिग विमाने रशियन आराखड्याची. एका देशाकडून येणारे सुटे भाग मिळवण्यासाठी आता तीन देशांची दारे ठोठावावी लागू लागली. पण ही झळ ताजिकिस्तानच्या मानाने किरकोळ.

मग अण्वस्त्रांचे जे संकट टळले ते कसे टळले? माझे प्रतिपादन एवढेच की, ते आपोआप टळले नाही. युक्रेनमध्ये सुमारे एकोणीसशे आणि कझाकस्तानमध्ये चौदाशेच्या आसपास सामरिक अण्वस्त्रे होती. १९९१ अखेरीसच अमेरिकी सिनेटर नन आणि लुगार यांनी ती सुरक्षित करण्यासाठी आपल्या सरकारकडून निधी मंजूर करवून घेतला. बेकार होऊ घातलेल्या अणुशास्त्रज्ञांना काम मिळावे म्हणून मॉस्कोत आंतरराष्ट्रीय केंद्र निघाले. कझाकस्तानातल्या उस्त-कामेनोगोर्स्कमधून सुमारे सहाशे किलो अतिसंपृक्त युरेनियम नोव्हेंबर १९९४ मध्ये गुपचूप विमानाने अमेरिकेत हलवले गेले. त्याच वर्षी ५ डिसेंबरला बुडापेस्टमध्ये युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान यांना त्यांच्या सीमांची हमी देण्यात आली, आणि १९९६ अखेर तिन्ही देशांतली अण्वस्त्रे रशियात पोहोचली. ती हमी रशियाने २०१४ मध्ये क्रिमियात आणि २०२२ मध्ये उघड आक्रमण करून पायदळी तुडवली. म्हणजे रक्तपात टळल्याची खूण म्हणून दाखवली जाणारी सर्वांत मोठी गोष्टही शाबूत राहिलेली नाही. तरीही १९९० च्या दशकात अण्वस्त्रे चुकीच्या हातात पडली नाहीत, कारण जगाने तिथे पैसा, माणसे आणि चिकाटी ओतली.

निवृत्तिवेतनांसाठी आणि प्रदेशाप्रदेशांतल्या सत्तावाटपासाठी तशी घाई कुणी केली नाही. ताजिकिस्तानसाठी संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पथक स्थापन झाले ते डिसेंबर १९९४ मध्ये. वख्श खोऱ्यातल्या कत्तलींना तोवर दोन वर्षे उलटली होती.