डोईपट्टी : नवागताच्या आजारपणाचे पैसे कोणी भरले?

परक्या देशात उतरलेला मनुष्य आजारी पडला तर त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद आजच्या विमा कंपन्यांहून पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कने त्यावर एक उपाय योजला होता. आजचा धागा त्याविषयी.

१८४७. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला होता. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या पोटात माणसे दाटीने भरलेली असत आणि त्यांच्यात उवांमुळे पसरणारा टायफस थैमान घालत असे. बंदरावर उतरणारे हे रोगी आपल्या धर्मादाय निधीवर बोजा होतात, अशी नगरवासीयांची तक्रार होती.

त्या वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क राज्याने स्थलांतरितांसाठी आयुक्त मंडळ नेमले. जहाजाच्या कप्तानाने प्रत्येक परदेशी प्रवाशामागे ठराविक रक्कम मंडळाकडे भरायची आणि त्या निधीतून, आगमनानंतर पाच वर्षांपर्यंत, आजारी व निराधार नवागतांची काळजी घ्यायची. आयरिश आणि जर्मन साहाय्यक संस्थांच्या अध्यक्षांना मंडळात पदसिद्ध स्थान होते. ईस्ट नदीतील वॉर्ड्स बेटावर मंडळाने रुग्णालय उभारले.

आता या रकमेचा प्रवास पाहा. कागदोपत्री ती कप्तान भरी. पण जहाजमालक ती तिकिटाच्या दरात मिळवीत. म्हणजे धडधाकट उतरलेल्या असंख्य प्रवाशांच्या पैशातून थोड्या आजाऱ्यांचे उपचार होत. याला विमा म्हणायचे नाही तर काय? फक्त हप्ता भरणाऱ्याच्या हाती पावती नव्हती, आणि म्हणून त्याला बिनदिक्कत ‘बोजा’ म्हणता येई.

स्टेटन बेटावरील क्वारंटाईन रुग्णालयासाठी तर याआधीपासून निराळा कर होता : केबिनमधील प्रवाशामागे १.५० डॉलर, स्वस्त वर्गातील प्रवाशामागे १ डॉलर. त्यात शिल्लक उरे. त्या शिलकीतून शहरातील बालगुन्हेगार सुधारगृहाला दरवर्षी पैसे देण्याची तरतूद कायद्यातच होती! बोजा नेमका कोणाचा कोणावर होता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१८४९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा कर रद्द केला. परदेशी व्यापाराचे नियमन काँग्रेसच्या अखत्यारीतील आहे, राज्याच्या नव्हे, असा त्यामागील विचार होता. न्यूयॉर्कने लगेच पळवाट काढली : जहाजमालकाने प्रत्येक प्रवाशासाठी ३०० डॉलरचा हमीरोखा लिहून द्यावा, किंवा त्याऐवजी १.५० डॉलर भरून मोकळे व्हावे. हमीरोखा कोण लिहून देणार?

रुग्णालये चालू राहिली, पण शेजाऱ्यांचा राग शमला नाही. पीतज्वराच्या भीतीने आणि जमिनीच्या भावाच्या चिंतेने संतापलेल्या स्टेटन बेटवासीयांनी १८५८ च्या सप्टेंबरात, लागोपाठ दोन रात्री, क्वारंटाईन रुग्णालयाच्या इमारती जाळून टाकल्या. रुग्णांना उघड्यावर आणून ठेवावे लागले. म्होरक्यांवर खटला झाला. ते निर्दोष सुटले.

ती हमीरोख्याची पळवाट मात्र टिकली ती थेट १८७६ पर्यंत. त्या वर्षी हेंडरसन खटल्यात न्यायमूर्ती मिलर यांनी तिचे खरे रूप उघडे केले : जो पर्याय कोणीही निवडणार नाही तो पर्याय नव्हेच, हा सरळ करच आहे. कर गेला, रुग्ण उरले. त्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीवर आला आणि न्यूयॉर्क वॉशिंग्टनकडे मदतीसाठी तगादा लावू लागले.

अखेर ऑगस्ट १८८२ मध्ये काँग्रेसने स्वतःच प्रवाशामागे ५० सेंटांची डोईपट्टी बसवली. अडचणीतील नवागतांना साहाय्य करण्यासाठी त्यातून निधी उभा राहिला. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने बंदरावरील तपासनिसांना आणखी एक काम दिले : सार्वजनिक खर्चावर न पडता जो स्वतःचा निर्वाह करू शकणार नाही, अशा प्रवाशाला उतरूच द्यायचे नाही.