मुद्रा

एकादशीच्या सकाळी चुडावा या आमच्या गावच्या घरी आजोबा गोपीचंदन उगाळून बसायचे. पितळी ठसा त्यात बुडवायचा, दंडावर टेकवायचा, क्षणभर दाबून अलगद उचलायचा. याला ते 'मुद्रा लावणं' म्हणत. ठशावरची अक्षरं उलटी, अंगावर उठली की सुलटी. ठसा हीही मुद्रा, अंगावर उमटलेली खूण हीही मुद्राच.

शब्द मूळचा शिक्क्याचा. राजमुद्रा, मुद्रांक, मुद्रण, 'मुद्राराक्षस' नाटकातली ती अंगठी, सगळी त्याचीच लेकरं. फारसीतून आलेली 'मोहोर'सुद्धा याच घराण्यातली. पण हा शिक्का माणसाच्या तोंडावर जाऊन 'मुखमुद्रा' झाला, ही झेप मला फार मोलाची वाटते. मनात दाटलेलं आतून दाबलं जातं आणि चेहऱ्यावर उठतं, असं आपल्या भाषेनं पाहिलं. ग्रीकांचा 'खाराक्तेर' याच्याही पुढं गेला. आधी कोरलेली खूण, नाण्यावरचा छाप, आणि शेवटी माणसाचा स्वभाव. इंग्रजीतला 'कॅरेक्टर' तोच.

छापाची मुद्रा आणि चेहऱ्याची मुद्रा एकाच कागदावर पाहायची तर चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररनं 1526 साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला पंडित इरॅस्मस पाहावा. पोलादी कोरणीनं रेघ खोदायची, रेघेत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद पत्र्यावर दाबायचा. आजोबांच्या ठशासारखंच इथंही सगळं उलटं कोरायचं. चित्रात हा पंडित मेजाशी लिहितो आहे, एका हातात लेखणी, दुसऱ्यात दौत, पुढ्यात जाडजूड ग्रंथ. मागच्या फलकावर ड्यूररची स्वतःची खूण, ए आणि डी ही अक्षरं. त्याच फलकावर ग्रीकमध्ये कोरलं आहे की याहून चांगलं दर्शन याचे ग्रंथ घडवतील. केस न् केस कोरणाऱ्या कारागिरानं आपल्याच चित्रात हे लिहावं, याचं मला अजून नवल वाटतं.

तांब्याचे पत्रे आपल्याकडेही कोरले गेले. 1805 मध्ये मिरजेत अशा पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. पण आपल्या संतांसमोर बसून त्यांचा चेहरा कुणी कोरून ठेवला नाही. त्यांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव ठेवलं, आणि त्या नावालाही मराठीनं शब्द दिला तो 'नाममुद्रा'. ज्ञानदेव, तुका, सेना. आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईची मुद्रा तर आणखी वेगळी, 'नामयाची जनी'. स्वतःच्या शिक्क्यावर तिनं आधी नामदेवांचं नाव कोरलं, मग आपलं.

रात्री देवळात भजन रंगायचं. जनीचं नाव आलं की आजोबांचे टाळ थांबत आणि हात जोडले जात. दंडावरचं गोपीचंदन तोवर वाळून पांढुरकं झालेलं असे.